निर्णयाच्या मागचे दफ्तर

कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात मंत्रविचाराचे, म्हणजे राजाने मसलत कशी करावी याचे, एक प्रकरण आहे. त्यात ग्रंथकार सांगतो की, इंद्राच्या मंत्रिपरिषदेत एक सहस्र ऋषी होते, तेच त्याचे नेत्र होते, आणि म्हणूनच त्या दोन डोळ्यांच्या देवाला लोक सहस्राक्ष म्हणतात. या नावाची पुराणांतली कथा निराळी आहे व ती सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु राज्य कसे चालवावे याचाच ज्याला अहोरात्र ध्यास, त्या ग्रंथकाराला त्याच नावात मसलतीचे तत्त्व दिसावे, यात त्याच्या बुद्धीचा विशेष प्रकट होतो. पुढे दुसऱ्या अधिकरणात अक्षपटलाचे, म्हणजे राज्याच्या हिशेबकचेरीचे, वर्णन येते: तिचे तोंड पूर्वेस किंवा उत्तरेस असावे, अंमलदारांच्या बैठका पृथक् असाव्यात, आणि निबंधपुस्तके ठेवण्यास स्वतंत्र जागा असावी. एका ठिकाणी डोळ्यांचा विचार झाला, दुसऱ्या ठिकाणी दफ्तराचा. आजच्या व्यवस्थापनशास्त्रात ‘निर्णयप्रक्रिया’ आणि ‘ज्ञानव्यवस्थापन’ अशी या दोहोंना वेगवेगळी नावे मिळाली आहेत, त्यांवर वेगवेगळे ग्रंथ लिहिले जातात, आणि पुष्कळ संस्थांत त्यांसाठी वेगवेगळे अधिकारीही नेमले जातात. माझ्या मते हा विषय एकच आहे. आणि जे संस्थेत कोणा ना कोणाला ठाऊक असते ते निर्णयाच्या जागेपर्यंत पोहोचते की नाही, या एका प्रश्नात त्याचे सारे मर्म साठवलेले आहे.

निर्णय या शब्दाबरोबर आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते बहुधा एका माणसाचे असते. मोठ्या मेजामागे तो बसलेला आहे, समोर नस्ती उघडलेली आहे, क्षणभर तो विचार करतो, शेरा मारतो आणि नस्ती बाजूला सारतो. या चित्रात जो दिसतो तो निर्णयाचा केवळ शेवटचा क्षण होय. ती नस्ती तेथे येईपर्यंत कोणत्या कारकुनाने कोणता कागद तीत घातला आणि कोणता घातला नाही, कोणत्या अधिकाऱ्याने आपल्या टिपणीत कोणती शंका लिहिली आणि कोणती मनातच ठेवली, खालच्या पायरीवरील ‘बहुधा’ हा शब्द वरच्या पायरीवर जाताना कोठे गळून पडला, हे त्या चित्रात दिसत नाही. शेरा मारणारा मनुष्य कितीही बुद्धिमान असला, तरी त्याच्यापुढे जे आलेच नाही त्याचा विचार तो करू शकत नाही.

ही गोष्ट शास्त्राच्या पातळीवर प्रथम स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय हर्बर्ट सायमन यांना दिले पाहिजे. सायमन यांचा जन्म 1916 साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात झाला. शिकागो विद्यापीठात विद्यार्थी असताना, 1935 साली, ते एका अभ्यासाच्या निमित्ताने आपल्या गावी परत गेले. तेथील मुलांच्या क्रीडांगणांचा कारभार दोन खात्यांकडे वाटलेला होता: शालेय मंडळाने मुलांना खेळविणारे मार्गदर्शक पुरवायचे आणि नगराच्या बांधकाम खात्याने मैदानांची निगा राखायची. उपलब्ध पैशांपैकी किती रक्कम मार्गदर्शकांवर खर्च करावी आणि किती मैदानांवर, हा प्रश्न दरवर्षी येई. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे याचे उत्तर सोपे होते: शेवटचा रुपया ज्या बाजूला अधिक हित साधील त्या बाजूला तो टाकावा. परंतु त्या तरुण विद्यार्थ्याला असा हिशेब करणारा कोणीही तेथे भेटला नाही. शाळेच्या बाजूच्या लोकांना मार्गदर्शकांशिवाय मैदान व्यर्थ वाटे, बांधकामाच्या बाजूच्या लोकांना मैदानाशिवाय मार्गदर्शक व्यर्थ वाटे, आणि दोन्ही पक्ष प्रामाणिक होते. जो ज्या खात्यात बसला त्याला त्या खात्याच्या खिडकीतून दिसेल तेवढेच जग दिसत होते.

या लहानशा अनुभवातून निघालेला विचार त्यांनी आयुष्यभर वाढविला. 1947 साली त्यांचा ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह बिहेवियर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला; न्यू जर्सीच्या टेलिफोन कंपनीचे अध्यक्षपद भूषविलेले आणि ‘द फंक्शन्स ऑफ द एक्झिक्युटिव्ह’ या 1938 च्या ग्रंथाने गाजलेले चेस्टर बर्नार्ड यांनी त्याला प्रस्तावना लिहिली; आणि 1978 साली सायमन यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्याचा विवेक मर्यादित असतो, हे त्यांच्या सिद्धांताचे बीज होय. सर्व पर्याय, त्या प्रत्येकाचे सर्व परिणाम आणि त्या परिणामांचे यथायोग्य मोल एकाच वेळी ध्यानात घेईल असे मन कोणालाच लाभलेले नाही. भाड्याचे घर शोधणारा गृहस्थ शहरातील प्रत्येक रिकामी खोली पाहून त्यांतली सर्वोत्तम निवडीत नाही. पाण्याची सोय, कचेरीपासूनचे अंतर आणि भाडे मनासारखे जुळले की तो हिंडणे थांबवितो. कारखान्याचा व्यवस्थापकही हेच करतो, आणि त्यात आळस नाही. तो मनुष्यस्वभावाचा व कालमर्यादेचा अपरिहार्य परिणाम आहे. संस्था कशासाठी असते, याचे सायमन यांच्या विचारातून निघणारे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. एका मनाची ही मर्यादा ओलांडण्यासाठीच अनेक मने एकत्र आणून त्यांच्यात कामाची वाटणी केलेली असते. मात्र वाटणी झाली की ज्ञानही वाटले जाते, आणि वाटले गेलेले ज्ञान पुन्हा एका ठिकाणी आणण्याचे काम उरते. ते काम कोणी केले नाही तर मिलवॉकीची क्रीडांगणे होतात. आणि मिलवॉकीच्या क्रीडांगणांत निदान कोणाच्या जिवाला धोका नव्हता.

ज्ञान पुन्हा एका ठिकाणी आणण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या पुण्यात झाला होता, आणि त्याची सांगोपांग हकीगत व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितली जाते, म्हणून येथे थोडे थांबावेसे वाटते. पेशव्यांचे हुजूर दफ्तर हे केवळ जुन्या कागदांचे कोठार नव्हते. त्यात दोनशेच्या वर कारकून काम करीत. सनदा, आज्ञा, देणग्या ज्या फडातून निघत, त्याच फडात त्यांची नोंद राही. परगण्यांतून व सुभ्यांतून आलेले हिशेब बेहेड्याच्या शाखेत तपासून त्यांची पुन्हा मांडणी होई; सरंजामांचे कागद सरंजामाच्या शाखेत राहात; आणि एकबेरीज दफ्तरात या सर्वांचे सार काढले जाई. तेथे तयार होणाऱ्या तर्जुम्यात जमा, खर्च आणि शिल्लक वर्गवार दिसे, खतावणीत प्रत्येक बाबीचा खर्च त्या त्या सदराखाली सापडे. पानिपतावरून जिवानिशी परतलेल्या आणि पुढे पाव शतकाहून अधिक काळ मराठी राज्याच्या मसलती वाहणाऱ्या नाना फडणिसांनी या दफ्तराची शिस्त अतिशय कडक ठेवली होती. नानांची कुशाग्र बुद्धी आणि त्यांचे हेरखाते यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या बुद्धीला रोजच्या रोज खाद्य पुरविणारे हे दफ्तर होते, हे मात्र आपण विसरतो. एखाद्या परगण्याच्या तहशिलीविषयी निर्णय करताना मागील वर्षांचे आकडे, पूर्वीची सूट, दिलेली वचने आणि राहिलेली बाकी ही सर्व त्यांच्यापुढे येऊ शकत होती.

याहूनही विचार करण्याजोगी व्यवस्था परगण्यात होती. मामलेदार हा सरकारचा प्रतिनिधी, त्याचा अधिकार मोठा. परंतु त्याच्या कचेरीत दिवाण, मजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस असे आठ दरकदार असत. त्यांची कामे नेमून दिलेली होती. मामलेदाराच्या पत्रांवर व आज्ञांवर दिवाणाची सही लागे. हिशेब व कागद फडणिसाकडे जाण्यापूर्वी मजुमदार ते पाही. फडणिसाच्या रोजकीर्दीवरून दफ्तरदार खतावणी करी आणि दरमहा तिचा गोषवारा सरकारात रवाना करी. हे दरकदार मामलेदाराचे नोकर नव्हते. त्यांना कामावरून दूर करण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता, आणि नेमलेल्या कामाखेरीज दुसरे काम त्यांच्यावर लादण्याचाही नव्हता. त्यामुळे परगण्यात काय चालले आहे याचे वृत्त हुजुरात पोहोचण्यास मामलेदाराची मर्जी ही एकच वाट उरली नाही. या पद्धतीत दोष होते. दरकदाराचे पद वंशपरंपरेने चालत असल्यामुळे बापाची लायकी मुलात असेलच असे नव्हते, आणि दरकदार व मामलेदार यांनी आपसांत संगनमत केले तर सारी तपासणी कागदावरच राही. तरीही, ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच परवानगीने बातमी वर जाऊ नये, हे तत्त्व अठराव्या शतकातील आपल्या कारभाऱ्यांनी ओळखले होते आणि व्यवस्थेत उतरविले होते, याचा मला अभिमान वाटतो.

हे तत्त्व विसरल्याचे फळ काय मिळते, हे पाहण्यासाठी आता एकदम दोनशे वर्षे पुढे आणि अर्ध्या जगापलीकडे गेले पाहिजे.

28 जानेवारी 1986 रोजी अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातून चॅलेंजर हे अंतराळयान उडाले आणि 73 सेकंदांनी आकाशात त्याच्या ठिकऱ्या झाल्या. यानातील सात जण मृत्यू पावले. त्यांत ख्रिस्ता मॅकऑलिफ ही शाळेत शिकविणारी शिक्षिकाही होती. यानाला वर नेणारे घन इंधनाचे अग्निबाण युटा राज्यातील मॉर्टन थायोकॉल ही कंपनी तयार करीत असे. ते तुकड्यातुकड्यांनी बनत, आगगाडीने फ्लोरिडाला जात आणि तेथे जोडले जात. प्रत्येक सांध्यातून तप्त वायू बाहेर येऊ नये म्हणून दोन रबरी कडी बसविलेली असत. थंडीत रबर कडक होते, पटकन पसरून फट बुजवीत नाही. त्या सकाळी हवा गोठणबिंदूच्या जेमतेम वर, सुमारे 2 अंश सेल्सियस होती. एका सांध्याची कडी निकामी झाली आणि तेथून ज्वाळा बाहेर पडली.

एवढे सांगून थांबले तर तो यंत्राचा अपघात ठरेल. चौकशीत जे बाहेर आले त्यामुळे तो व्यवस्थापनशास्त्राचा विषय झाला. ही कडी धोक्याची आहेत हे कंपनीतील अभियंत्यांना ठाऊक होते. जानेवारी 1985 मधील एका थंड दिवशीच्या उड्डाणानंतर दोन कड्यांच्या मध्ये काजळी सापडली होती. रॉजर बोजोले या अभियंत्याने 31 जुलै 1985 रोजी आपल्या वरिष्ठाला, अभियांत्रिकीचे उपाध्यक्ष रॉबर्ट लंड यांना, लेखी कळविले होते की, या प्रश्नाकडे तातडीने लक्ष दिले नाही तर मनुष्यहानीपर्यंत मजल जाईल. उड्डाणाच्या आदल्या रात्री युटा, अलाबामा आणि फ्लोरिडा या तीन ठिकाणचे लोक दूरध्वनीवर एकत्र आले. बोजोले आणि त्यांचे सहकारी अर्नोल्ड थॉम्पसन यांनी आपली बाजू मांडली, आणि लंड यांनीही कंपनीच्या वतीने सांगितले की, 53 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 12 अंश सेल्सियसच्या खाली उड्डाण करू नये. नासाच्या अधिकाऱ्यांना हा सल्ला रुचला नाही. तेव्हा थायोकॉलच्या लोकांनी आपसांत बोलण्यासाठी थोडा वेळ मागून घेतला, आणि तो अर्धा तास लांबला. अभियंत्यांनी पुन्हा कागद आणि छायाचित्रे मेजावर मांडली. शेवटी केवळ व्यवस्थापकांनीच ठरवावयाचे असे झाले. आणि लंड कचरत आहेत असे पाहून त्यांच्या वरिष्ठाने त्यांना सांगितले की, आता अभियंत्याची टोपी उतरवून ठेवा आणि व्यवस्थापकाची घाला. लंड यांनी मत बदलले. कंपनीची संमती फॅक्सने रवाना झाली. फ्लोरिडात हजर असलेले कंपनीचे प्रतिनिधी अ‍ॅलन मॅकडोनाल्ड यांनी त्या कागदावर सही करण्यास नकार दिला. सही युटातून आली.

टोपी बदलण्याची ही गोष्ट आता प्रसिद्ध आहे आणि ती वाचताना आपला संताप त्या वरिष्ठावर केंद्रित होतो. परंतु माझ्या मते त्या रात्रीची अधिक खोल चूक दुसरीच होती, आणि तीत अभियंते व व्यवस्थापक सारखेच सापडले होते. तापमानाचा कड्यांशी संबंध आहे की नाही हे ठरविताना त्यांनी ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती तेवढीच उड्डाणे विचारात घेतली. त्यांतले एक थंडीतले, तर एक चांगल्या उबदार दिवसाचे निघाले. म्हणून संबंध सिद्ध होत नाही असे म्हणण्यास वाव राहिला. ज्या उड्डाणांत कड्यांना काहीही झाले नव्हते ती कोणीच मोजली नाहीत. चौकशी आयोगाने ती मोजली. त्यापूर्वीच्या 24 उड्डाणांपैकी 66 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापमानात झालेली 20 होती, आणि त्यांपैकी केवळ 3 उड्डाणांत कड्यांना इजा आढळली होती. 63 अंश किंवा त्याहून कमी तापमानात झालेली 4 होती, आणि चारही उड्डाणांत ती आढळली होती. हे सारे आकडे त्याच संस्थेच्या कपाटांत पडून होते. नाना फडणिसांच्या एकबेरजेतल्या एखाद्या कारकुनाने जसा तर्जुमा केला असता, तसा एक ताव कागद त्या रात्री मेजावर असता, तर बोजोले यांना आवाज चढवावा लागला नसता. माहिती होती, तिचा गोषवारा नव्हता. आणि अभियंत्यांच्या मनात जी खात्री होती तिला त्या मेजावर पुराव्याचे रूप देता आले नाही.

दुसरी गोष्ट याहून दुःखद आहे. ज्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी उड्डाणाची अखेरची आज्ञा दिली त्यांना आदल्या रात्री असा वाद झाला होता हेच माहीत नव्हते. वाद मधल्या पायरीवर मिटला आणि वर गेली ती केवळ संमती. कागदोपत्री पाहता प्रत्येक पायरीवर सही होती, प्रत्येक सहीमागे अधिकार होता. परंतु खालच्या पायरीवरील हरकत वरच्या पायरीला परस्पर कळावी अशी दरकदारासारखी जागा त्या रचनेत नव्हती. बोजोले यांचा वरिष्ठ हाच त्यांच्या शब्दाचा एकमेव दरवाजा होता, आणि तो बंद झाला. पुढे आयोगासमोर रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने त्या कड्याचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून तो कसा निर्जीव होतो हे सर्वांदेखत दाखविले. ते प्रात्यक्षिक जगभर गाजले. जे एका पेल्यात पाच मिनिटांत दाखविता येत होते ते सहा महिन्यांपूर्वी एका कागदावर लिहिलेले होते.

येथपर्यंत मी कागदाची बाजू घेऊन बोललो. तथापि संस्थेतील सारेच ज्ञान कागदावर येत नाही, आणि जे येत नाही ते कित्येकदा अधिक मोलाचे असते. पुरणपोळीसाठी कणीक किती सैल भिजवावी आणि किती तिंबावी हे कोणत्याही पाककृतीच्या पुस्तकातून आजवर कोणी शिकलेले नाही. ते आजीच्या शेजारी पाटावर बसून, तिचा हात पाहून, आपला हात चुकवून आणि पुन्हा सुधारून शिकावे लागते. आपल्या भाषेत त्याला हात बसणे म्हणतात, नजर बसणे म्हणतात. मायकेल पोलान्यी या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने 1958 आणि 1966 सालच्या आपल्या दोन ग्रंथांत या अव्यक्त ज्ञानाची तात्त्विक मीमांसा केली, आणि मनुष्याला जे येते ते त्याला सांगता येते त्याहून नेहमीच अधिक असते, असे प्रतिपादन केले. इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या जपानी अभ्यासकांनी 1995 सालच्या ग्रंथात हाच विचार कारखान्यांना लावला, आणि त्यांनी दिलेले एक उदाहरण आमच्या पुरणपोळीच्या अगदी जवळचे आहे. मात्सुशिता कंपनीला घरच्या घरी पाव भाजणारे यंत्र करावयाचे होते. पीठ नीट मळले जाईना. पाव बाहेरून करपे, आतून कच्चा राही. तेव्हा कंपनीतील इकुको तानाका या बाई ओसाकातील एका मोठ्या हॉटेलाच्या मुख्य भटाऱ्याकडे शिकावयास गेल्या. बराच काळ त्याचे काम पाहिल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, तो पीठ नुसते ताणीत नाही, ताणता ताणता पिळतो. हे त्या भटाऱ्याने कोणाला सांगितले नव्हते. त्यांनी ते पाहिले, शब्दांत मांडले, अभियंत्यांनी यंत्राच्या भांड्यात आतून खास धारा बसविल्या, आणि 1987 साली ते यंत्र बाजारात आले.

आपल्या संस्थांत याच्या नेमके उलट घडते. तीस-पस्तीस वर्षे एका मेजावर बसलेला मनुष्य निवृत्त होतो. त्याला शाल आणि नारळ मिळतो, त्याच्या सचोटीवर भाषणे होतात, आणि चार्ज देण्याच्या कागदावर कपाटांच्या किल्ल्या, शिक्के व नस्त्यांची संख्या लिहिली जाते. कोणता पुरवठादार पावसाळ्यात हमखास उशीर करतो, कोणत्या गावच्या नकाशातली हद्द प्रत्यक्षात जुळत नाही, पूर्वी एकदा अमुक योजना का फसली होती, हे त्या यादीत नसते. आपल्या कचेरीतून कोणी वडीलधारा जाणार असेल तर त्याच्या जागी येणाऱ्याला निदान काही महिने आधी त्याच्या शेजारी बसवावे. ज्याला हे खर्चिक वाटते त्याने जुन्याच चुका नव्याने करण्याचा खर्च एकदा मांडून पाहावा. संगणकात साऱ्या नस्त्या भरल्या म्हणजे ज्ञानाचे व्यवस्थापन झाले, हा भ्रम अलीकडे फार पसरला आहे. सायमन यांनी फार पूर्वीच बजावले होते की, माहिती जितकी वाढते तितके मनुष्याचे अवधान तोकडे पडते. हजार पृष्ठांत पुरलेला इशारा आणि न लिहिलेला इशारा यांत निर्णय करणाऱ्याच्या दृष्टीने काहीच अंतर नसते.

स्मृती एकदा कमावली की ती आपोआप टिकते, असेही नाही. चॅलेंजरनंतर नासाने रचना बदलली, नियम बदलले. 16 जानेवारी 2003 रोजी कोलंबिया यान उडाले तेव्हा सुमारे 82 सेकंदांनी इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा निखळून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. किती इजा झाली हे पाहण्यासाठी यानाची छायाचित्रे घ्यावीत, अशी मागणी अभियंत्यांनी केली. ती वरपर्यंत टिकली नाही आणि छायाचित्रे घेतली गेली नाहीत. 1 फेब्रुवारीला परत येताना यान नष्ट झाले. सात अंतराळवीर गेले, आणि त्यांत कर्नालची कल्पना चावला होती. चौकशी मंडळाने आपल्या अहवालातील एक संपूर्ण प्रकरण या दोन अपघातांतील साम्य दाखविण्यासाठी खर्ची घातले. सतरा वर्षांत माणसे बदलली होती, आणि त्यांच्याबरोबर त्या रात्रीची आठवणही गेली होती.

आमच्या दफ्तराचेही तसेच झाले. 1800 साली नाना गेले. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत दफ्तराकडे पुरते दुर्लक्ष झाले, कारकून कमी झाले, आणि ज्याला हवे त्याने हवे ते कागद उचलून न्यावेत अशी अवस्था आली. 1818 साली राज्य गेल्यावर इंग्रजांनी ते कागद गोळा करून लावले, कारण नव्या मुलखाचा वसूल ठरविण्यास त्यांना त्यांची गरज होती. आपण जे उधळले त्याची किंमत परक्यांना प्रथम कळली. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्या दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड 1930 ते 1934 या काळात संपादून प्रसिद्ध केले, आणि ते एवढे मोठे काम असूनही संपूर्ण संग्रहाच्या मानाने तो अल्प अंश आहे. उरलेले कागद हजारो रुमालांत बांधून पुण्याच्या पेशवे दफ्तरात ठेवलेले आहेत. कागद चांगला आहे, शाई काळी आहे, अक्षर वळणदार आहे. मात्र ते मोडीत आहे, आणि जी लिपी एके काळी परगण्यातला प्रत्येक कारकून झरझर लिहीत असे ती वाचणारी माणसे आज थोडी उरली आहेत. मोडी शिकविणारे वर्ग पुण्यात चालतात. ज्या वाचकाला सवड असेल त्याने एखाद्या वर्गात नाव घालावे; वाचण्याचे काम अद्याप पुष्कळ शिल्लक आहे.